शेऱ्याचा रकाना

आत्या, संध्याकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली की मी अजूनही हातातलं काम सोडून फोन समोर घेऊन बसतो. तो वाजणार नाही हे मला कळतं. माझं डोकं ठिकाणावर आहे, काळजी करू नकोस. पण इतकी वर्षं बरोबर त्या वेळेला अकोल्याहून तुझी घंटी यायची आणि मी इकडे अमरावतीत तिच्याकडे अर्ध्या कानाने लक्ष द्यायचो, म्हणून आता पूर्ण देतो. घरात सगळ्यांना हे ठाऊक झालंय. सुजाता त्या वेळी कुकर लावत नाही आणि मैत्री टीव्हीचा आवाज बंद करून माझ्या शेजारी येऊन बसते. दहा वर्षांची पोर, पण काही विचारत नाही.

परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुझा जन्म, तुझी नोकरी, टेलिफोन एक्स्चेंजमधली तुझी सगळी वर्षं, ते सारं बाबांनी छापून घेतलेल्या कागदात आलं आहे. तुझ्या फोटोखाली 'मनमिळाऊ स्वभावाच्या' असं लिहिलंय. ते वाचून मला तू गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. तू आणि मनमिळाऊ. तुझ्याशी वाद न घालता ज्याला तुझ्याकडे चहा मिळाला असा माणूस अख्ख्या अकोल्यात सापडायचा नाही. आपलं तर एक भांडण अर्धंच राहिलं. ते पुरं करायला मी हे लिहितोय, कारण त्याचा निकाल कधीच लागला होता आणि तो तू मला सांगितला नव्हतास.

अकरावीला मी दर्यापूरहून तुझ्याकडे राहायला आलो तेव्हा तुझ्या घरातल्या दोन गोष्टी मला चमत्कारिक वाटल्या होत्या. एक म्हणजे बाई एकटी राहते आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही. दुसरी म्हणजे फोनशेजारची वही. लाल पुठ्ठ्याची, लांबट, आणि पानापानावर तू पट्टीने आखलेले चार रकाने. वेळ, कुठे लावला, घंट्या, शेरा. ट्रंक कॉलच्या जमान्यात बोर्डासमोर बसून तू लोकांना लाइन जोडून द्यायचीस आणि प्रत्येक कॉलची चिठ्ठी लिहायचीस. बोर्ड गेला, कानावरचा हेडफोन गेला, सवय तेवढी राहिली. दूधवाल्याला फोन केला तरी तू तो वहीत चढवायचीस. ही वही तपासायला साहेब कधी येणार, असं मी चिडवायचो. तू म्हणायचीस, येईन तवा येईन, आपलं लिहिलेलं असावं.

त्या वहीत मी एकदा खोटं लिहिलं. सहामाहीत गणितात नापास झालो होतो आणि बाबांना तूच फोन करून सांग, असं तू मला बजावलं होतंस. मी फोन केलाच नाही. वहीत मात्र वेळ टाकली आणि शेऱ्यात 'बोललो' असं लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी बाबांचाच सहज फोन आला आणि सगळं उघडं पडलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तू वही उघडून माझ्यासमोर ठेवलीस.

"बाबू, नापास झाला त्याचं काही नाई. पन शेरा खोटा लिहाचा नाई. पुढची ड्युटीवाली बाई तो वाचूनच काम करते. तुनं 'बोललो' लिहिलं अन् मी निर्धास्त राहिली."

मग तो शेरा माझ्याच हाताने खोडायला लावलास. त्यापुढे 'फोन केला नाही' असं लिहून घेतलंस आणि खाली सही करायला सांगितलंस. मला तेव्हा नीट सही येतही नव्हती. सतराव्या वर्षी, तुझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून, मी आयुष्यातली पहिली सही केली.

घंट्यांचा नियम त्यानंतरचा. इंजिनिअरिंगला मी अमरावतीला गेलो. एसटीने पोचलो की तुझ्या घरच्या फोनवर एक घंटी द्यायची आणि तोडायचं. एक म्हणजे पोचलो, बरा आहे. दोन म्हणजे काहीतरी आहे, तू फोन लाव. तेव्हा घराघरांत असा काही ना काही नियम होता, पण आपला खात्यातल्या बाईने ठरवलेला, त्यामुळे त्यात ढिलाई नव्हती. एकदा चुकून तीन गेल्या तर तिसरी कशाची होती, असं तू दोन दिवस विचारत होतीस. पुढे तू निवृत्त झालीस, मला नोकरी लागली, लग्न झालं, आणि घंटीची दिशा उलटी झाली. आता रोज सात-पाचला तू द्यायचीस. बोलणं फुकट झालं तरी तू घंटीच द्यायचीस. मी म्हणायचो, आता कशाला, बोलत जा की. तर फुकट हाय म्हून रोज काय बोलाचं, बरी हाय एवढंच तं सांगाचं, हे तुझं उत्तर. तुझ्या नंबरासाठी मी माझ्या मोबाइलमध्ये जुन्या काळ्या फोनची घंटी लावून ठेवली होती, मोजायला सोपी जावी म्हणून.

आणि माझा धंदा काय, तर फोन उचलणारी यंत्रं बनवायची. 'मराठीसाठी एक दाबा' असं म्हणणारी बाई ज्या प्रोग्रॅमच्या तालावर बोलते तो मी लिहितो, अमरावतीत घरी बसून, पुण्याच्या एका कंपनीसाठी. पहिलं मोठं काम पुरं झालं तेव्हा मी पेढे घेऊन तुझ्याकडे आलो आणि तो नंबर तुझ्याकडून लावून घेतला. शिकाऊ पोरीची परीक्षा घ्यावी तसं तू चष्मा लावून, डोळे मिटून ऐकलंस. चष्मा कशाला लावलास ते मला आजतागायत कळलं नाही. मग म्हणालीस, आवाज चांगला हाय, पन ही बाई थांबत नाई, माणसाले आठवू तं दे काय विचाराचं होतं. त्यावर मी अर्धा तास वाद घातला, की लोकांना घाई असते, लाइन मोकळी करायची असते. परत आलो आणि तीन सेकंदांचा थांबा गुपचूप सात सेकंदांचा केला. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या थांब्याचं नाव अजूनही 'आत्या' आहे. नवीन आलेली पोरं विचारतात हे काय, मी सांगतो, राहू द्या, हात लावू नका. तुला हे कधी सांगितलं नाही, तू डोक्यावर बसली असतीस. कुठल्याशा दवाखान्याचा नंबर लावून गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसाला यंत्राने दम खाऊ दिला असेल, तर तो तू दिलास.

नंतर यंत्रांना माणसाचं बोलणं समजायला लागलं, आणि आमच्या यंत्राला तुझं काहीच समजेना. पुण्याचं मराठी त्याला चालायचं, वऱ्हाडी म्हटलं की माफी मागायचं. तुला केवढा आनंद झाला होता. पयले शीकव त्याले, मंग घेऊन ये, म्हणालीस, आणि मग दोन रविवार स्वतःच माइकसमोर बसलीस. मी लिहून दिलेली वाक्यं तू तुझ्या पद्धतीने मोडून म्हटलीस. ती सगळी माझ्याकडे आहेत. मी ऐकत नाही. त्यांत तू मला काहीच म्हणत नाहीस, आत्या. परतवाड्याची गाडी कितीले हाय, एवढंच पुन्हा पुन्हा विचारतेस.

आता भांडणाकडे येतो. कॉलचा सगळा प्रवास मी कामासाठी रोज बघतो, त्यामुळे एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती तुला सांगितल्यावाचून माझ्याने राहवलं नाही. फोन लावणाऱ्याच्या कानात जी घंटी वाजते ती समोरच्या घरात वाजणारी घंटी नसतेच. मधली यंत्रणा आपल्याला तो वेगळा आवाज ऐकवते, तिकडे फोन लागलाय एवढं कळावं म्हणून. दोन्हींचा मेळ असेलच असं नाही. इकडे दोन होतात तेव्हा तिकडे एकच झालेली असू शकते. म्हणून मी खास तुझ्यासाठी एक ॲप केलं. त्यात दोनच मोठी बटणं, हिरवं 'बरी आहे' आणि लाल 'फोन कर'. मे महिन्यात येऊन तुझ्या मोबाइलमध्ये टाकून दिलं. तू चार दिवस हिरवं दाबलंस आणि पाचव्या दिवशी पुन्हा घंटी. मी फोन करून रागावलो.

"बटन दाबलं का तुया घरात काय वाजते?" तू विचारलंस.

काही वाजत नाही, स्क्रीनवर अक्षरं येतात, असं मी सांगितलं.

"मंग काय कामाचं ते? घंटी वाजली का मले इकडं ऐकू येते अन् तुले तिकडं. एकाच वक्ती, दोघायच्या घरात. तेवढ्यापुरतं तं तुया घरी येनं होते."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला सिद्ध करायचं होतं. पुढच्या खेपेला तुझ्या पलंगावर मी दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले, तुझ्यावरून माझा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. तुझ्या फोनात एक झाली, दुसरी सुरू झाली, तेव्हा कुठे माझा फोन जागा झाला आणि एकदा वाजला. तू कॉल तोडलास. मग हट्टाने स्वतः लावून पाहिलास, पुन्हा आणि पुन्हा. कधी जुळायचं, कधी चुकायचं. शेजारच्या नंदाबाई तुझ्याकडे भाजी निवडत बसल्या होत्या, त्याही मोजायला लागल्या. शेवटी तू माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणालीस, तुया फोन आळशी हाय. त्या हसल्या, मीही हसलो. पण तुझा चेहरा मी पाहिला होता. ज्या भरवशावर तू रोज संध्याकाळी माझ्या घरी येऊन जायचीस, तो मी माझी हुशारी दाखवायला मोडून टाकला होता. नंतर चहा झाला, तू विषय काढला नाहीस, मीही काढला नाही.

अमरावतीला आल्यावर मी आपल्या मनाने एक उपाय केला. एक घंटी आली तरी फोन करायचा. तीन-चार महिने केला. तू उचलायचीस आणि वैतागायचीस. एकदा सरळच बोललीस.

"एका घंटीवर फोन कावून करतं? एक म्हंजे बरी हाय. माह्या शब्दावर भरोसा नाई का तुले?"

मग मी बंद केलं. तू रागावलीस म्हणून बंद केलं, असं मी सुजाताला सांगितलं आणि ते खरंच होतं. पण मलाही ते सोयीचं होतं, हे तिला सांगितलं नाही.

त्या दिवशी सात-पाचला मी मीटिंगमध्ये होतो. समोर स्क्रीनवर ग्राहक कंपनीचे तिघं जण, आणि मी त्यांना दाखवत होतो की आमचं यंत्र आता वऱ्हाडीसुद्धा कसं नीट समजून घेतं. तुझ्याच आवाजावर शिकलेलं यंत्र, आत्या. टेबलावरचा फोन वाजला. काळ्या फोनची घंटी, एक. मी हात पुढे केला आणि दुसरीची वाट पाहिली. आली नाही. मला बरं वाटलं. तू बरी आहेस म्हणून वाटलं, आणि मीटिंग मोडावी लागली नाही म्हणूनही वाटलं. आठ वाजता मोकळा झालो तेव्हा एकदा मनात आलं की लावून पाहावा. तेवढ्यात सुजाताने ताटं घेतली आणि मी जेवायला बसलो.

सकाळी नंदाबाईंचा फोन आला. एरवी त्यांचा फोन मला कधीच येत नाही. नाव पाहिलं तेव्हाच कळलं, तरी उचलून मी त्यांना विचारलं की आत्या कुठे आहे.

मूर्तिजापूर मागे पडून अकोला येईपर्यंत गाडीत मी एकच गोष्ट घोकत होतो, की एक आली होती, एक म्हणजे बरी. डॉक्टर म्हणाले, पहाटे झोपेत हृदय बंद पडलं. नंदाबाई म्हणाल्या, सांजेले छातीत जळजळते म्हनत होत्या, मी म्हटलं पोराले सांगा, तं हो म्हने. हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. खोलीत माणसं दाटली होती आणि तू पांढऱ्या चादरीखाली होतीस. मी म्हणालो, मला तर एकच घंटी आली. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. नंदाबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवशी भाजी निवडता निवडता त्याही मोजत होत्या.

वही फोनशेजारीच होती. मी ती इतके दिवस उघडली नाही. माणसं येत-जात होती, कामं होती, कारणांना तोटा नव्हता. मोबाइल तर 'मिस्ड कॉल' एवढंच लिहितो, किती वाजला ते लिहीत नाही. ते लिहिणारी तू एकटीच. परवा कार्यक्रम आटोपला, खीर वाटून झाली, खुर्च्या परत गेल्या, तेव्हा मी तुझ्या पलंगावर बसलो आणि वही घेतली. शेवटची ओळ अशी होती. वेळ सात-पाच. कुठे, बाबू. घंट्या, २. शेऱ्याचा रकाना रिकामा.

मी रडलो, आत्या. अंत्यविधीला रडलो नव्हतो, तेव्हा रडलो.

नंतर मागची पानं उलटली. खरं सांगायचं तर मला एखादी जागा हवी होती जिथे तुझीच मोजणी चुकलेली सापडेल. पानामागून पान १, १, १ आणि शेऱ्यात बरोबरची बारीक खूण. मधेच कुठे २ आणि शेऱ्यात 'आला', म्हणजे माझा फोन आला. पण मी एका घंटीवर फोन करणं बंद केल्यानंतरच्या पानांवर वेगळं काही होतं. एका ठिकाणी २, आणि पुढे तुझ्या दाबून लिहिलेल्या अक्षरात, 'आला नाही. त्याले एकच गेली असन.' महिन्याभराने पुन्हा तेच. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. एकंदर पाच वेळा. पाच वेळा तू मला बोलावलंस, मी फोन केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सात-पाचला काही झालंच नाही अशी एक घंटी दिलीस.

म्हणजे भांडण मी जिंकलो होतो. तुला त्या पलंगावरच पटलं होतं, फक्त तोंडाने कबूल केलं नव्हतंस. आणि माझ्या म्हणण्याचा तू उपयोग काय केलास, तर दर वेळी मला माफ करायला एक कारण करून घेतलंस.

पण एवढं पटलं होतं तर पुन्हा का नाही लावलास? तिसरी का नाही जाऊ दिलीस? मी उचलेपर्यंत वाजू का नाही दिलास, एकदा तरी? मला तुझा राग येतो, आत्या, खरोखरचा. छातीत जळजळतंय आणि बाई दोन मोजून फोन ठेवते. आणि मग आठवतं की एका घंटीवर फोन करू नको असं तू म्हणालीस तेव्हा मी किती पटकन ऐकलं. उभ्या जन्मात तुझी दुसरी कुठली गोष्ट मी इतक्या पटकन ऐकली? रागवायला मला तोंड नाही. तरी येतो.

शेरा तू कॉल पुरा झाल्यावरच भरायचीस. माझा फोन आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिताना. म्हणजे त्या संध्याकाळी रकाना रिकामा ठेवून तू वाट पाहिलीस. किती वेळ पाहिलीस ते वहीत नाही. आणि ती सकाळ तुला मिळाली नाही.

तुझं पेन वहीतच होतं. मी ते उघडलं आणि बराच वेळ मला वाटत होतं की 'त्याले एकच गेली असन' हेच लिहावं. तुझंच वाक्य, तुझ्याच वहीत, आणि त्यात खोटंही काही नाही. सकाळी उठली असतीस तर तूही तेच लिहिलं असतंस, आणि संध्याकाळी एक घंटी दिली असतीस. पण तो शेरा लिहायचा हक्क तुझा होता, माझा नाही.

म्हणून मी जे झालं तेच लिहिलं. 'एकच आली. एकीच्या दोन असू शकतात हे माहीत होतं. फोन केला नाही.' आणि तू शिकवलं होतंस तशी खाली सही केली.